बाळाच्या कानात कुर्र करायचं राहून गेलं

ये रे, असा जवळ बस. कागदावरच का होईना, पण बस. आत्या नेमकी बारशाच्या वेळी दुसऱ्याच कुणाशी फोनवर बोलत बसली, म्हणून तोंड फुगवलंस म्हणे? लहानपणीही असाच होतास. आधी रुसायचं, मग विचारायचं. आता ऐक.

तुला बहीण नाही, म्हणून तुझ्या लेकीची आत्याही मीच, असं आपलं ठरलेलं. माझे गुडघे काही आता विमानात बसायचे नाहीत. तेव्हा मुलुंडच्या घरातूनच, टॅबवरून, तिच्या कानात कुर्र करायचं. तुमच्याकडे सकाळ, माझ्याकडे संध्याकाळ. मी दुपारीच नारायणपेठ नेसून तयार.

टॅब उघडते तर वायफायच्या रेघा सगळ्या भरलेल्या, नेट मात्र नाही. तू शिकवलंस तसा राउटर बंद केला, चालू केला. काही नाही. मागे वळवून पाहिलं तर एक बारीकसं भोक, धुळीने भरलेलं. म्हटलं, इथेच अडलंय. बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि चांगली दाबून धरून साफ केलं. सगळे दिवे विझले, परत लागले, आणि टॅबमधून आपल्या वायफायचं नावच गायब.

कंपनीला फोन लावला. आधी नुसतं गाणं. मधूनमधून टूक टूक वाजायचं, तो तुझा फोन हे मला काय माहीत? आडवा आलेला फोन घ्यायला मला येत नाही, आणि हा कापला तर माझा नंबर जाईल ही भीती. शेवटी एक मुलगी बोलली. "आजी, मागचं भोक दाबलंत का?"

"दाबलं नाही गं, साफ केलं."

ती म्हणाली, आतली सगळी सेटिंग पुसली गेली. नेटवर यायला राउटरला जो आयपी नंबर मिळावा लागतो, तो आता मिळायचा नाही. उद्या माणूस येईल. मी म्हटलं, बाई, बारसं आज आहे. तिच्या तरी हातात काय होतं?

फोन ठेवते तोच तुझा आला. "आत्या, किती वेळ लावतोय, बिझी, बिझी. मुहूर्त टळत होता. शेजारच्या वहिनींनी नाव ठेवलं."

"बरं केलंस," म्हटलं मी. पुढचं सांगणार, तर तिकडून पाहुण्यांनी तुला हाक मारली. फोन बंद. मी नारायणपेठ नेसून त्या लुकलुकत्या दिव्यांसमोर तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी माणूस आला, चहा गार व्हायच्या आत नेट चालू करून गेला. आता चालू होऊन काय उपयोग?

तर रुसू नकोस. तिला घेऊन लवकर ये. नाव ठेवलं असेल वहिनींनी, कानात कुर्र मी करणार. पाठीतले धपाटे तुझ्या बायकोने घालायचे, आणि जरा जपून.