नॉरिसने फरशी निवडली

आमचा शेजारी नॉरिस ॲक्रॉइड पस्तीस वर्षं किथलीत घरोघर टपाल वाटायचा. यॉर्कशरच्या थंडीत आपले पाय गारठले ते गारठलेच, असं तो भेटेल त्याला ऐकवी. त्यामुळे घरामागे काचेची खोली बांधून फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकायचं ठरलं, तेव्हा वर कोणती फरशी हा त्याने जीवनमरणाचा प्रश्न करून टाकला.

दुकानात हा गडी बूटमोजे काढून एकेका नमुन्यावर उभा राही.

"मिस्टर ॲक्रॉइड, लोक फरशी डोळ्यांनी बघतात हो," दुकानातली बाई म्हणाली.

"डोळ्यांना कुठे थंडी वाजते?"

मग एका रविवारी त्याने नमुने घरी आणले, गरम पाण्याच्या पिशव्यांवर मांडले आणि अख्ख्या गल्लीला बोलावलं. आम्ही सहाजण पँट वर दुमडून रांगेत उभे. पाटीचा काळा दगड उशिरा तापला, पण ऊब धरून राहिला. पोर्सेलिनची पातळ टाइल लगेच तापली आणि लगेच निवली. नॉरिसचा जीव काळ्या दगडावर जडला.

"एनिड, तू ये की," त्याने बायकोला हाक मारली.

"मला नको बाई. तुमचं चालू द्या."

"मोज्याला भोक पडलंय वाटतं!" नॉरिस म्हणाला.

सगळे हसले, एनिडही हसली. मंडळी गेल्यावर मी कप विसळत होतो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "नॉरिस, मला त्यातलं काही कळलंच नसतं. साखरेच्या आजाराने तळपाय बधिर झालेत. वर्ष झालं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू स्वतःच्या पायांबद्दल बोलायचा थांबलास कधी?"

नॉरिसने गरम पाण्याच्या पिशव्या उचलल्या आणि एकेक करून रिकाम्या केल्या.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला, पण बूट काढले नाहीत. ओलं झाल्यावर कोणती घसरत नाही, कशाच्या कडा बोटाला लागत नाहीत, एवढंच विचारलं. पाटीच्या दगडाला उंचसखलपणा होता. तो बाद झाला. खरखरीत, करड्या पोर्सेलिनच्या टाइल्स आल्या. बसवणाऱ्याकडून त्याने सांधे सपाट करून घेतले आणि बधिर तळवे नकळत भाजू नयेत म्हणून फरशी सत्तावीस अंशांच्या वर तापणार नाही अशी कळ पक्की करून घेतली. गल्लीत मात्र सांगितलं, "रंग आवडला, म्हणून घेतली."

आता रोज चहानंतर तो चष्मा लावून एनिडचे तळवे तपासतो, कुठे खरचटलंय का ते बघतो. ती तोवर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवते. परवा मी गेलो, तर तो तिच्या पायाशीच खुर्चीत घोरत होता.

"माणूस चांगला आहे," ती म्हणाली, "पण ह्या फरशीच्या रंगाला भांडी धुतलेलं पाणी म्हणतात, हे कुणीतरी सांगा त्याला."