बहिणीच्या गोळ्या

यल्लाताई चिलरमध्ये जाकीट न घालता जायच्या. आमच्या कारखान्यात खजूर पॅक होतो. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधली पत्र्याची लांबलचक शेड आणि तिच्या टोकाला चार डिग्रीवर ठेवलेली ती थंड खोली. तिथे माणसं जाड जाकीट, कानटोपी चढवून शिरतात आणि माल उचलून लगेच बाहेर पडतात. ताई सुती कुर्त्यात आत जायच्या आणि खोक्यांच्या दोन रांगांमध्ये डोळे मिटून उभ्या राहायच्या. चिलरवर रत्नागिरीचे सुभाषराव होते, पन्नाशी उलटलेले. ते दार जरासं उघडं धरून बाहेर थांबायचे. एक दिवस ते माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, ताई आत आहेत. सात मिनटं झाली. हाक मारली तर ओ देत नाहीत." मी आत गेले. ताईंच्या मानेवरचे केस घामाने चिकटलेले होते आणि ओठ निळे पडले होते. मला पहिल्यांदा भीती वाटली ती त्या दिवशी. नंतर ती कमी-जास्त झाली, गेली मात्र नाही.

त्यांचं खरं नाव साधंसं होतं, ते हजेरीपुरतं. यल्ला म्हणजे अरबीत 'चल, आटप'. लिफ्टला यल्ला, ड्रायव्हरला यल्ला, अडकलेल्या प्रिंटरला यल्ला, मुलीच्या अभ्यासाला यल्ला, म्हणून त्या यल्लाताई. पुण्यात वाढलेली बाई अरबी शब्द बोलते तेव्हा त्यात एक पुणेरी ठसका येतोच. त्या आमच्या परचेस ऑफिसर होत्या. खोकी, टेप, प्लास्टिक, लेबलं, सगळ्याची खरेदी त्यांच्याकडे. शारजातल्या कुठल्या गाळ्यात काय मिळतं हे त्यांना तोंडपाठ. समोरचा सप्लायर गोड बोलून वेळ मारून न्यायला लागला की त्या म्हणायच्या, "हबीबी, इन्शाल्ला नको. वार सांग." आणि तो वार सांगायचा.

मला त्या 'बी.एस्सी.' म्हणायच्या. मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर कामाला, आई कांड्या भरायची. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढून पदवी घेऊन उतरलेली पहिली मी, केमिस्ट्री घेऊन. हे मी कुणालाही सांगते, न विचारता सांगते. कारखान्यात माझं काम लेबल तपासायचं: पाकिटावर घटक बरोबर आहेत का, इशारा छापलाय का, तारीख बरोबर आहे का. पण सुरुवातीला मीटिंगमध्ये माझं तोंड उघडायचं नाही. सगळे इंग्रजीत फाडफाड बोलायचे आणि मी वहीत बघायची. एकदा बाहेर आल्यावर ताईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "काय गं बी.एस्सी., डिग्री फ्रेम करून भिंतीला लावायला घेतलीस का? चूक तुला दिसली होती ना? मग बोलायचं." त्यानंतर मी बोलायला लागले, ती आजपर्यंत. त्या नावाचा मला अभिमान होता. म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातंय.

पन्नाशीला ताई बदलल्या. पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं. दिवसातून दहा-बारा वेळा छातीपासून आग वर चढायची, चेहरा लाल व्हायचा, कुर्ता पाठीला चिकटायचा. झोप नाही. पाठ असलेले सप्लायरचे नंबर आठवेनात. एकच ऑर्डर दोनदा गेली, आणि मॅनेजरने काही विचारायच्या आधीच त्या सगळ्यांसमोर रडल्या. घरी एसी सोळावर, मुलगी इरा रजई पांघरून अभ्यासाला बसलेली. "मम्मा, इट्स फ्रीझिंग," ती म्हणायची, आणि ताई तिच्यावर अशा ओरडायच्या की नंतर स्वतःच्याच आवाजाला घाबरायच्या. मला म्हणाल्या होत्या, "अगं, ती कोण ओरडली तेच मला कळलं नाही."

मग त्या डॉक्टरकडे गेल्या. मल्याळी बाई, हिंदीत समजावून सांगणारी. ताईंनी तिथेही सप्लायरला विचारावं तसं विचारलं: काय काय पर्याय आहेत, कशाला किती दिवस लागतात, धोका कशात. परत येऊन मला सगळं सांगितलं. हार्मोन घेता येतात, त्यातही जेल, पट्टी, गोळी असे प्रकार. हार्मोन नको असतील तर आग कमी करणाऱ्या दुसऱ्या गोळ्या आहेत. आधी छातीची तपासणी, सोनोग्राफी, बीपी, घरात कुणाला काय झालंय त्याची माहिती. रिपोर्ट बघून मग ठरवू, म्हणाली. हार्मोन घ्यायचे ठरले तर जेल आणि सोबत एक गोळी, अशी दोन औषधं लागतील. "दोन-दोन लिहिते बाई," ताई म्हणाल्या. "आमच्या सुनंदाचं एका गोळीत भागतं."

सुनंदा म्हणजे त्यांची पुण्यातली मोठी बहीण. तिला हीच आग होत होती, तिथल्या डॉक्टरांनी एक गोळी दिली आणि ती ठणठणीत झाली. परचेसमध्ये आयुष्य घालवलेल्या बाईने दोन पर्याय शेजारी ठेवले. एकीकडे दोन औषधं, चार तपासण्या आणि अनोळखी डॉक्टर. दुसरीकडे एक गोळी आणि तिची खात्री देणारी सख्खी बहीण. आणि इथे एक गोष्ट आणखी होती. ताईंचा विमा भाऊजींच्या कंपनीतून. इथे कुठलीही तपासणी करायची तर मंजुरीचा मेसेज आधी नवऱ्याच्या मोबाइलवर टिंग करून वाजतो. भाऊजी माणूस वाईट नाही, पण हार्मोन म्हटलं की त्यांना एकच शब्द आठवायचा. घरी विषय निघाला तेव्हा ते म्हणाले होते, कॅन्सर विकत घ्यायचाय का? तेवढ्यावर विषय खलास. ताईंना घरात रोज तो वाद नको होता. त्या क्लिनिकमध्ये परत गेल्याच नाहीत.

आपल्याकडे पार्सलची पद्धत तुम्हाला माहीत आहे. कुणीही गावी निघालं की चार जण म्हणतात, येताना एवढं आणशील का? मेतकूट, गोडा मसाला, चष्मा, सासऱ्यांची बीपीची औषधं. आपण आणतो. नाही म्हणणारा माणूस इथे एकटा पडतो. त्या वर्षी मी सुट्टीवर गेले आणि परतताना पुण्यात सुनंदाताईंकडे थांबले. त्यांनी पोहे खायला घातले, चिवड्याची पिशवी दिली, आणि त्यावर सहा महिन्यांच्या गोळ्या ठेवल्या. त्यांच्याच नावाच्या चिठ्ठीवर त्यांच्याच केमिस्टकडून आणलेल्या. दारात निरोप देताना म्हणाल्या, "तिला सांग, रोज एक, न चुकता. पिशवी काढल्यावर मी अर्धी मेले होते गं, ह्या गोळीने उठून बसले."

मी ते ऐकलं. सुनंदाताईंचं गर्भाशय काढलेलं होतं आणि ताईंचं नव्हतं, हे दोन्ही मला माहीत होतं. पाकिटावरचा अक्षराएवढा डाग मी लांबून ओळखते. त्या दिवशी मी बॅगेची चेन ओढली आणि रिक्षात बसले.

गोळी लागू पडली. हेच सगळ्यात वाईट झालं. तीन आठवड्यांत ताईंची झोप परत आली, दोन महिन्यांत नंबर परत आले. चिलरकडे फिरकेनात. सुभाषराव मला म्हणाले, ताई बऱ्या झाल्या, देवाची कृपा. मीटिंगमध्ये पुन्हा 'वार सांग' ऐकू यायला लागलं. भाऊजी खूश, इरा खूश. मरीनाला बिल्डिंगमधल्या बायकांची पिकनिक गेली तेव्हा ताई पिवळा ड्रेस घालून पाण्याकाठी भरभर चालत होत्या आणि बाकीच्या मागून विचारत होत्या, काय खातेस गं? ताई नुसत्या हसायच्या. मग दुसरं पार्सल आलं, तिसरं आलं. माझ्याखेरीज दुसऱ्यांनीही आणलं. दोन वर्षं होत आली. त्या दोन वर्षांत मी कधीतरी अर्ध्या कामात थांबायची. काहीतरी वाचायचं राहिलंय असं वाटायचं, पण काय ते आठवायचं नाही.

मार्चमध्ये एका दुपारी वॉशरूमबाहेर त्यांनी मला गाठलं आणि पॅड मागितलं. चेहरा लाजलेला, चोरून हसणारा. म्हणाल्या, "परत आली बघ. साडेतीन वर्षांनी. मी तरुण झाले."

काय आठवत नव्हतं ते त्या क्षणी आठवलं. मी त्यांना ड्रॉवरमधलं पाकीट काढायला लावलं. आतला घडी घातलेला कागद त्यांनी कधी उलगडलाच नव्हता. मीही नाही. दोन वर्षं तो त्या घडीत तसाच पडून होता. मी उभ्या उभ्या वाचला. ज्या बाईचं गर्भाशय शाबूत आहे तिने हे औषध एकटं घेऊ नये, सोबत दुसरं हार्मोन हवंच, नाहीतर आतलं अस्तर वाढत जातं, पुढे त्याचं काहीही होऊ शकतं. अचानक रक्त गेलं तर लगेच डॉक्टरकडे. बारीक अक्षरात, पण स्पष्ट छापलेलं होतं. मी त्यांना वाचून दाखवलं. डॉक्टरने दोन औषधं का सांगितली होती ते आम्हाला दोघींना तिथे कळलं.

ताईंनी कागद माझ्या हातून घेतला, त्याची होती तशी घडी घातली. गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. पण डॉक्टरकडे? इराची परीक्षा होऊ दे. मग भाऊजींचा प्रोजेक्ट संपू दे. मग उन्हाळ्याची सुट्टी. सप्लायरकडून वार वदवून घेणारी बाई मला सांगत होती, "जाऊ गं, इन्शाल्ला." मी दर आठवड्याला विचारायची. त्या म्हणायच्या, थांबलंय आता. ते थांबलं नव्हतं. काळा कुर्ता, काळी सलवार. तीन महिने त्या रोज काळंच घालून येत होत्या, आणि मला ते कळत होतं.

शेवटी एका दुपारी मी त्यांना टॅक्सीत बसवलं. तीच डॉक्टर. तिने तपासलं, मग विचारलं, ये गोली किसने लिखी? ताई म्हणाल्या, सिस्टर ने. डॉक्टरला वाटलं नर्स. ताईंनी मान हलवली, सगी बहन. डॉक्टर एवढंच म्हणाली की गोळीमुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण ही गोळी एकटी द्यायची नव्हती, आणि पहिल्या दिवशी रक्त दिसलं तेव्हा यायला हवं होतं. तुकडा काढून तपासायला पाठवला; त्याचे पैसे मी रोख भरले, म्हणजे घरी मेसेज जाणार नाही. दहा दिवसांनी ऑपरेशनच्या मंजुरीचा मेसेज भाऊजींच्या मोबाइलवर गेला. ते मीटिंगमध्ये होते. त्यांनी तो तिथेच वाचला. बायकोला काय झालंय हे त्यांना विमा कंपनीने सांगितलं.

ऑपरेशनला गर्भाशयाबाहेर पसरलेलं निघालं. पुढचे सात महिने मी फार लिहीत नाही. व्हिसा रद्द करून ती मंडळी पुण्याला गेली. निघायच्या आदल्या दिवशी मी घरी गेले तेव्हा सगळीकडे खोकी, टेप लावलेली, प्रत्येकावर ताईंच्या अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं. मी माफी मागायला गेले होते. तोंड उघडायच्या आत त्यांनी माझं मनगट धरलं. "सुनंदाला कळू द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "ती मरेल. तुझ्या डिग्रीची शपथ आहे तुला." मी शपथ घेतली.

ताई फेब्रुवारीत गेल्या.

आता मी एकोणपन्नासची आहे आणि माझ्याही अंगाची आग होते. मी नवऱ्याला बरोबर घेऊन त्याच डॉक्टरकडे गेले, तपासण्या केल्या, सगळं विचारलं. जेल लावते आणि रात्रीची गोळी घेते, दोन्ही, तिने सांगितलं तसं. लपवत नाही. कुणी विचारलं तर हेही सांगते की माझं तुमच्या कामाचं नाही, तुमचं शरीर वेगळं आहे, स्वतः जा.

यंदाच्या सुट्टीत मी सुनंदाताईंना भेटायला गेले. त्या वाळल्या होत्या. ताईंच्या फोटोसमोर बसून आम्ही चहा घेतला. बोलता बोलता मी पदराने वारा घ्यायला लागले. त्यांनी पाहिलं, उठल्या, आतून एक डबा घेऊन आल्या. डब्यात तीच पाकिटं, नीट रचलेली. "नेतेस का थोड्या?" मायेने म्हणाल्या. "तिला किती गुण आला होता, तू तर डोळ्यांनी पाहिलंस. नंतर ते मेलं कुठून उगवलं देव जाणे. आमच्या जाऊबाईंना पण सुरू केल्यात, झालं वर्ष. खालच्या मजल्यावरच्या जोशीणबाई पण नेतात."

फोटोत ताई हसत होत्या. मी कप खाली ठेवला.

"जाऊबाईंची पिशवी काढलीय?" मी विचारलं.

"नाही बाई. तिला काय धाड भरलीय? का गं?"

मी त्यांच्या हातातून डबा काढून घेतला आणि म्हणाले, "सुनंदाताई, इथे माझ्याजवळ बसा. आणि आधी जाऊबाईंना फोन लावा."