धुक्यातला तो ‘हो’

शिरीष गेला तो सकाळी, तळ्याकाठी, गळ्यात दुर्बीण असताना. शनिवार असूनही मी इथे बेलव्ह्यूच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. पहिला फोन कट केला. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, “भावजी, शिरीष एकटाच होता हो तिथे...”

पक्षी बघायला तो एकटा कधी जात नसे. दोघांनी पाहिला तरच वहीत नोंद, हा त्याचा नियम. एकट्याने पाहिलेला पक्षी म्हणजे नुसती बढाई, असं म्हणायचा. म्हणून दर शनिवारी मला अंथरुणातून उपटून न्यायचा. मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण साक्षीदार म्हणून मी खपून जात असे. त्या शनिवारी मात्र मी येत नाही म्हणालो होतो. ते मला आयुष्यभर टोचणार आहे.

दोन वर्षांपूर्वी पक्षी मोजणाऱ्या एका गटाबरोबर आम्ही इथून खाली दक्षिणेला, बाहा द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरच्या वाळवंटात गेलो. एकीकडे समुद्र, दुसरीकडे निवडुंग, आणि सकाळी असं धुकं की स्वतःचे बूट दिसू नयेत. मांजराच्या पिल्लासारखा ओरडणारा एक इवलासा करडा पक्षी शिरीषला बघायचा होता. कित्येक वर्षं हुकत आला होता. गटातले बाकीचे पलीकडच्या खाडीवर गेले. शिरीष “ये मागून” म्हणून टेकडीकडे निघाला आणि मी गाडीत डोळे मिटले. गाढ झोपलो. जाग आली, बाहेर येऊन थर्मासमधली कॉफी ओतली, तेवढ्यात तो धुक्यातून धावत आला.

“अरे, माझ्याआधी खाली पोचलास पण? काय दिसला यार! तू शेजारी होतास म्हणून बरं, आता लिस्टमध्ये टाकता येईल.”

मला वाटलं, झोपलो म्हणून टोमणा मारतोय. पण त्याने वही उघडली आणि पक्ष्यापुढे दोघांची नावं लिहिली. मग आनंदाने ती पुन्हा गिरवली. खरं सांगायला माझी जीभ रेटेना... मग ते राहूनच गेलं.

गेल्या आठवड्यात वहिनींनी त्याचा छोटा रेकॉर्डर बाहेर काढला. खिशात तो कायम चालू असायचा. बाहाच्या त्या सकाळचं रेकॉर्डिंग आम्ही दोघांनी ऐकलं. लाटा, मग म्याव-म्याव, मग शिरीषची कुजबूज, “दिसला का रे?” थोडा वेळ नुसत्या लाटा. मग अगदी जवळून, शांतपणे, कुणीतरी म्हणालं, “हो.”

“तुमचाच ना आवाज, भावजी?”

“माझाच,” मी म्हणालो. आणि रेकॉर्डर बंद केला.

वहिनी, तुम्ही हे वाचालच, म्हणून इथेच सांगतो. त्या सकाळी मी गाडीत झोपलो होतो. तो आवाज माझा नाही. कुणाचा, ते मला ठाऊक नाही, आणि हल्ली शनिवारी पहाटे जाग आली की मला भीती वाटते. पण रेकॉर्डर पुन्हा ऐका, वहिनी. शिरीष तिथे एकटा नव्हता, आणि तळ्याकाठीही नसेल.