मारीमावशीचं आलं

बाईला दिवस गेलेत हे तिच्या नवऱ्याच्या आधी मारीमावशीला कळायचं, आणि मग गावाला कळायला वेळ लागत नसे. मी कोल्हापूरची, लग्न होऊन वालावलला आलेले. सासऱ्यांसाठी बांगडा तळता तळता नाक दाबून परसात पळाले, तेवढं तिला पुरलं. कुंपणापलीकडून तिने विचारलं, "घोवाक सांगलंस, की मी सांगू?"

मावशी शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली. लग्न नाही, मूल नाही, पण गरोदर बायकांच्या ओकाऱ्यांवर सत्ता तिचीच. तुला काय अनुभव, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "सोलकढीची चव सांगूक नारळ होवचा लागता काय?"

औषध साधं होतं. आल्याचा चमचाभर रस, त्यात लिंबू आणि मध, उठल्याउठल्या घोट घोट. दिवसभर गालात आमसुलाचा तुकडा. भूक लागायच्या आत चार कुरमुरे. "पोट रिकामा ठेवलंस तर ता रागावता."

खरा उपाय मात्र तिने सासऱ्यांवर केला. विधुर माणूस, माशाशिवाय घास उतरत नसे. त्यांना तिने तोंडावर सांगितलं, "तीन म्हयने ह्या घरात मासो तळूचो नाय. खावचो आसात तर माझ्याकडे येवा." सासरे गेले. रोज दुपारी, इस्त्रीचा सदरा घालून. गावात कुजबुज सुरू झाली. मावशी म्हणाली, "बोलांदेत. ह्या वयात कोण कायतरी बोलता, ह्याच कौतुक."

महिनाभर बरं गेलं. मग पाणीसुद्धा पोटात राहीना. चुलतसासूने कुठल्याशा वैदूची मुळी उगाळून आणली. मावशीने वाटी काढून घेतली, वास घेतला आणि माडाच्या मुळाशी ओतली. "खयची मुळी ता ठावक नाय, आणि पोटुशीक कोण देता?" मग मला विचारलं, लघवीला कधी गेलीस? काल सकाळी, मी म्हटलं. तिने लगेच रिक्षा बोलावली. "ह्या काम आता आल्याचा न्हय."

कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि आजवर काय काय दिलं ते विचारलं. मावशीने चमच्यासकट सांगितलं. "थोडं आलं चालतं," बाई म्हणाल्या, "पण आज आणलं नसतं तर कठीण होतं."

"म्हणानच घेवन इलंय," मावशी म्हणाली. मग भिंतीकडे वळून तिने क्रूसाची खूण केली, तेव्हा कुठे मला कळलं की तीही घाबरली होती.

मुलगी झाली. आता ती सहावीत आहे.

गेल्या वर्षी मावशीच्या पोटात गाठ निघाली. औषधांनी तिला काही पचेना. मी भांडं धरून बसायचे. एकदा ओकून झाल्यावर पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "गो, माका दिवस गेले वाटता. गावात सांगू नको." मी हसले, तीही हसली, आणि हसण्यानेच तिला पुन्हा उमासा आला.

पंधरा दिवसांनी ती गेली. मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा सांगतेय.