राखेसाठी आणलेला डबा

मंडळी, आज आमचं घर पेटता पेटता वाचलं.

चारकोपच्या आमच्या बैठ्या घरामागे पाणी तापवायला भुशाच्या गोळ्यांची शेगडी आहे. मासे कापताना हातातून निसटू नयेत म्हणून आईला राख लागते. सकाळी तिने शेगडीतली राख प्लास्टिकच्या डब्यात भरली. आत निखारा होता. डब्याचं बूड वितळलं, आणि शेजारीच गोळ्यांची अख्खी गोण.

"अगं, राख गार झाली का बघायचं ना."

"वरून हात लावून बघितला रे मी."

दुपारी मी झाकणाचा स्टीलचा डबा आणून दिला. आत्ता उघडला तर त्यात रवा.

"एवढा चांगला डबा राखेला कोण वापरतं?"

मग राख कशात ठेवलीय, हे तुमच्यापैकीच कोणीतरी तिला फोन करून विचारा. माझं डोकं आउट झालंय.