कोटाचं मधलं बटण

माझा धाकटा भाऊ शिंपी आहे. सगळे त्याला मास्तर म्हणतात, तोही आता स्वतःला मास्तरच म्हणवतो. माप चांगलं घेतो, हात स्वच्छ, दिलेल्या दिवशी कपडा देतो. एवढंच करून थांबला असता तर त्याच्यावर लिहायला मला काही सापडलं नसतं. पण त्याचं दुकान कॉलेजच्या खेळाच्या हॉलसमोर आहे, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

जन्मात कधी त्याने बास्केटबॉल हातात धरला नाही. आमच्या घरात उंची कुणालाच नाही. वरच्या फळीवरचा डबा काढायला आम्हा बहीणभावांना अजून स्टूल लागतं. पण एकदा कॉलेजच्या टीमच्या चड्ड्यांची इलॅस्टिकं बदलायचं काम त्याच्याकडे आलं, आणि तेव्हापासून हा स्वतःला टीममधलाच समजायला लागला. "आपण जिंकलो," म्हणतो. हरले की मात्र "ते हरले" म्हणतो. एवढं व्याकरण त्याला बरोबर जमतं.

मॅचच्या दिवशी दुपारपासून त्याच्या दुकानात शहाण्यांची बैठक भरते. एक औषधवाला, आपलं दुकान बायकोवर टाकून येतो. एक बस ड्रायव्हर, आता निवृत्त, पण बोलताना अजून हात स्टिअरिंगवर असल्यासारखे फिरवतो. आणि तिसरा प्रोफेसर. त्याने कधी कुणाला काही शिकवलं नाही, नुसता पेपर वाचतो, म्हणून प्रोफेसर. तिघांपैकी एकालाही जिना चढताना मध्ये थांबल्याशिवाय जमत नाही, आणि विशीतली पोरं पळत नाहीत म्हणून तिघं चिडतात.

मी कोपऱ्यात बसून काजं करते, हूक लावते. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली, पण यांचं ऐकून ऐकून हा खेळ मला पाठ झालाय. झोन म्हणजे प्रत्येकाने आपापला कोपरा सांभाळायचा, दुसऱ्याच्या कोपऱ्यात घर पेटलं तरी हलायचं नाही. आणि मॅन टू मॅन म्हणजे एकेकाने एकेकाच्या मागे लागायचं, जशी मी लहानपणी दुधाचा पेला घेऊन या मास्तरांच्या मागे लागायची. झालं. यापलीकडे त्यात काही नाही. पण या दोन गोष्टींवर ही माणसं अख्खा मोसम भांडू शकतात.

यंदा तर भांडायला निमित्तच मोठं मिळालं. जुनी खेळणारी पोरं पास होऊन निघून गेली, नवी आली, आणि टीम "नव्याने बांधतायत" असं सगळे म्हणायला लागले. घर बांधताना माणसं निदान दुसरीकडे राहायला जातात. हे बांधकामाच्या खालीच उभे राहतात आणि डोक्यात वीट पडली की ओरडतात.

आता खरी गोम सांगते. हे बांधकाम ज्याच्या हातात दिलंय तो नवा कोच म्हणजे आमचा जावई. मास्तरांच्या एकुलत्या एका लेकीचा नवरा. भावजय लवकर गेली, पोर आम्ही दोघांनी वाढवली. मास्तरांचा जीव तिच्यात किती आहे ते मला ठाऊक आहे. तिला बरं नसलं की याच्या हाताखालचा कपडा वाकडा शिवला जातो.

आणि तरीसुद्धा या गृहस्थाने काय करावं? मागची मॅच हरल्यावर भर दुकानात म्हणाला, "माझ्या मशीनच्या गळ्यात शिट्टी बांधली ना, तर ती याच्यापेक्षा बरी कोचगिरी करेल." सगळे खो खो हसले. ड्रायव्हरने घरी जाऊन बायकोला सांगितलं, बायकोने वाटेत भेटेल त्याला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत ते आमच्या पोरीच्या कानावर गेलं. तिने बापाशी बोलणं टाकलं. फोन केला की घंटा वाजत राहायची. मास्तर मला म्हणायचा, "अक्का, मी जावयाला नाही बोललो. मी कोचला बोललो."

"मग त्या दोघांना दोन वेगळी तोंडं आहेत का रे?" मी म्हटलं.

त्यावर याने मशीनचं पायडल मारायला सुरुवात केली. अक्कल पाजळायची वेळ आली की उत्तरं भरपूर असतात, कामाच्या वेळी एकही नाही.

मग परवाच्या मॅचच्या दिवशी सकाळी पोर माझ्या घरी आली. हातात नवऱ्याचा कोट. मॅचला तो एवढाच कोट घालतो, गडद रंगाचा, मोठ्या तपकिरी बटणांचा. म्हणाली, "आत्या, बाबांना दे. बटणं सैल झालीत. मधलं तर लोंबतंय. टीम मागे पडली की हा ते बटण पिळत उभा राहतो. यंदा किती पिळलं असेल, तूच बघ."

"तूच का नाही देत?"

"मी त्यांच्याशी बोलत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "बटणं नीट लावून द्या म्हणावं. आणि आज एक दिवस त्याच्याबद्दल एक शब्द बोलू नका म्हणावं. एवढं जमलं तर रविवारी आम्ही दोघं जेवायला येतो."

मी निरोप शब्दाला शब्द पोचवला. मास्तरांचा चेहरा असा उजळला, जसं काही टीमनेच कप जिंकला. "हात्तिच्या! एवढंच ना?" म्हणाला, आणि चिमूटभर टाचण्या उचलून ओठांत धरल्या. शिंपी कापड टाचताना धरतात तशा. माझ्याकडे बघून बोटाने तोंड दाखवलं. म्हणजे काय, तर कुलूप लावलं.

कोटाची सगळी बटणं त्याने कापून काढली. जुना दोरा कुजला होता, नव्याने चौपदरी दोऱ्याने लावायची म्हणून. बटणं कापायच्या टेबलावर मांडून ठेवली, आणि तेवढ्यात शहाणे आले.

टेबलावर बटणं बघितल्यावर यांच्या हातांना खाज सुटणारच. ड्रायव्हरने सरळ कोटाचं सगळ्यात मोठं, ते मधलं बटण उचललं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. "हा आपला उंच पोरगा. याला बास्केटखाली उभा करायचा. झोन! दुसरं काही बघायचंच नाही."

"त्याला उभा करायची गरजच नाही, तो उभाच असतो," औषधवाला म्हणाला. "खांबासारखा. कोट टांगायच्या कामाचा. मॅन टू मॅन लावा, पोरं पळू देत जरा."

"पळतील कशी? पास देता येत नाही एकालाही," प्रोफेसर म्हणाला. बाहीची बारकी बटणं त्याने समोरच्या टीमची केली होती. "पेपरात आलंय, नव्या टीमला वेळ द्यायला हवा."

"किती वेळ? आमच्या तिरडीपर्यंत?" ड्रायव्हर म्हणाला.

मास्तर कोट मांडीवर घेऊन गप्प बसला होता. टाचण्या ओठांत. पण डोळे टेबलावरच. ड्रायव्हरने उंच पोरगा इकडे सरकवला की मास्तरांचा गुडघा हलायचा. औषधवाल्याने तो उचलून तिकडे ठेवला की यांच्या नाकातून हुं असा आवाज यायचा. मी दुरून डोळे वटारले.

"अहो, पण कोचलाच कळत नाही म्हटल्यावर…" औषधवाला म्हणाला, आणि मग जीभ चावून मास्तरांकडे बघितलं. "म्हणजे, तुमचे जावई म्हणून नाही म्हणत हो मी."

संपलं. मास्तरांनी टाचण्या तळहातावर थुंकल्या. "जावई असो नाहीतर कुणी असो! त्या उंच पोराला बास्केटखाली ठेवणं म्हणजे छत्री घरात उघडून बसणं! त्याला बाहेर काढा, वर काढा, तिथून फेकू दे! पण सांगणार कोण? त्याच्या डोक्यात शिरेल तेव्हा ना!"

"मग काय, तो पोरगा बसवाच बाहेर!" औषधवाला तावातावाने म्हणाला, आणि ते मोठं बटण उचलून सरळ आपल्या खिशात टाकलं. "हा घ्या, बेंचवर!"

असं म्हणून तिघं हातवारे करत, एकमेकांना ढकलत हॉलकडे निघून गेले. जागा पकडायची होती ना. मास्तर एकेक बटण लावत बसला. मधलं बटण शोधायला गेला तर टेबल रिकामं.

आम्ही चिंध्यांचं पोतं उलटं केलं. मशीनखाली बघितलं. मी गुडघ्यावर बसले आणि उठताना मलाच हाताला धरून उठवावं लागलं. तेवढ्यात दारात पोर उभी. तिला कोट हवा होता.

तिने कोट हातात घेतला, मध्ये बोट लावून बघितलं. मग पोतं, मशीन, माझे धुळीचे गुडघे, टेबलावर खडूने काढलेली बास्केटची दोन वर्तुळं, सगळं तिने बघितलं. तिला सांगायला काही लागलं नाही.

"एक काम सांगितलं होतं, बाबा," ती म्हणाली. "आणि एक काम करू नका म्हटलं होतं."

मास्तर हातातल्या टाचण्यांकडे बघत राहिला.

"आत्या, रविवारचं राहू दे." आणि कोट तसाच घेऊन गेली.

मला सांगा, बटण हरवायचं तर शर्टाचं हरवतं, उशीच्या खोळीचं हरवतं. आख्ख्या गावाचं लक्ष ज्याच्यावर खिळलेलं असतं त्या माणसाच्या कोटाचं, आणि तेही बास्केटबॉल खेळायला वापरून, असं कुठे ऐकलंय? मास्तर मटकन स्टुलावर बसला. आणि तेव्हा कुठे मला ते "बेंचवर" आठवलं. मी म्हटलं, "रडायचं ते मग रड. औषधवाल्याचा खिसा बघ आधी."

हॉलमध्ये आम्ही पोचलो तेव्हा पोरं अजून सराव करत होती. औषधवाला चौथ्या ओळीत घशाच्या गोळ्या वाटत बसला होता. मास्तराने त्याच्या खिशात स्वतःच हात घातला. गोळ्या, किल्ली, आणि किल्लीला चिकटलेलं बटण. "अरेच्चा!" औषधवाला म्हणाला. "हा इथेच बसलाय होय!"

मास्तराने बटण मुठीत घेतलं. कॉलरखाली दोरा ओवलेली सुई याची कायम असते. ती काढली आणि सरळ पायऱ्या उतरून मैदानाकडे निघाला. त्याचा चष्मा माझ्याकडे होता, म्हणून मलाही मागोमाग उतरावं लागलं.

सगळ्या हॉलला दिसलं की सासरा कोचकडे चाललाय. मागून ओरडा सुरू झाला. "मास्तर, झोन सांगा, झोन!" "त्या खांबाला बाहेर काढायला सांगा!" जावई बेंचपाशी उभा होता, कोट उघडा, आणि हात त्या रिकाम्या जागी बटण पिळायला जाऊन परत येत होता. मास्तरांना समोर बघून त्याने डोळे मिटले, घाव बसायच्या आधी मिटतात तसे.

तेव्हा मास्तराने काय केलं, ते फक्त मी बघितलं. शर्टाला टोचलेल्या दोन-तीन टाचण्या काढल्या आणि ओठांत धरल्या. आता बटण लावायला टाचणी कशाला लागते, सांगा मला.

बटण जागेवर धरलं आणि शिवायला लागला. जावयाने डोळे उघडले.

"बाबा, बोलून टाका," तो म्हणाला. "सगळे सांगतायत, तुम्हीही सांगा. झोन लावू का?"

"ऊं," मास्तर म्हणाला.

"उंच पोराला बाहेर काढू?"

"ऊं."

"ऊं म्हणजे हो की नाही?"

मास्तराने मान खाली घातली आणि दोरा ओढला. जावई हसला. यंदाच्या मोसमात मी त्याला हसताना पहिल्यांदाच बघितलं. "आत्या, यांना झालंय काय?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, सुधारतोय. सवय नाही ना, म्हणून त्रास होतोय."

दोरा संपला, पण कात्री दुकानातच राहिली होती. मग मास्तराने टाचण्या काढून हातात घेतल्या, पुढे वाकून जावयाच्या छातीशी तोंड नेलं आणि दोरा दातांनी तोडला. आणि लगेच टाचण्या परत तोंडात! स्वतःवर एवढा भरवसा.

पलीकडच्या बाजूला पोर बसली होती. लांबून तिला काय दिसलं ते मला काय माहीत. बाप नवऱ्याच्या छातीवर डोकं टेकवतोय असं दिसलं असेल. गावभर तर तेच झालं, की मास्तराने हॉलच्या मधोमध जावयाची माफी मागितली. मागितली कसली, दोरा तोडत होता. पण मी कुणाला खुलासा करत बसले नाही.

मॅच हरले. आधीपासूनच माहीत होतं. उंच पोरगा बास्केटखालीच उभा होता, आणि तीन शहाणे माझ्या मागे घसा फोडत होते. जावई शेवटपर्यंत मधलं बटण पिळत राहिला. ते हललं नाही.

रविवारी दोघं जेवायला आली. मास्तराने सकाळपासून घर झाडून काढलं होतं. पानं मांडली, सगळं छान चाललं होतं, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत आमची पोर नवऱ्याला म्हणते कशी, "तुला कितीदा सांगितलं, त्या उंच पोराला बाहेर काढ म्हणून! छत्रीसारखा उघडून ठेवलायस तिथे!"

जावयाने माझ्याकडे बघितलं. मी मास्तराकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते, आणि हात शर्टाच्या खिशापाशी टाचण्या चाचपत होता.

"जेव आधी," मी त्याला म्हटलं. "टाचण्या तोंडात घेऊन कोणी जेवतं का?"