लखीरामचं इंग्रजी वाक्य

सूड म्हटलं की लोक कानाला हात लावतात. मी लावत नाही. लखीराम आडेचा सूड मी अकरा वर्षं जवळून पाहिला आणि मनातून त्याच्याच बाजूनं राहिलो.

वाशीमच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी काट्यावर कापूस तोलायचो आणि लखीराम ऑफिसात शिपाई होता. अनसिंगजवळच्या तांड्यातला, मराठी चार इयत्ता शिकलेला, अबोल गडी. सन तीसच्या हंगामात जिनात टेलिफोन आला. पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्क जानराव बाहेर गेलेले असताना घंटी वाजली. लखीरामनं रिसीव्हर उचलून कानाला लावला. आतून अकोल्याच्या मॅनेजरसाहेबाचा आवाज आला. खुद्द साहेब बोलतोय म्हटल्यावर यानं भक्तिभावानं दोन्ही हात जोडले. रिसीव्हर फरशीवर आपटला आणि त्याचा टवका उडाला.

जानरावांनी त्याला कामावरून काढलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. त्यांनी त्याला ठेवलं आणि त्याचा तमाशा केला. बाजाराच्या दिवशी कापसाच्या गाड्यांची रांग लागली की ते त्याला अंगणात उभं करायचे, कानाला नारळाची करवंटी लावायला सांगायचे आणि ओरडायचे, "बोल लख्या, सायब बोलून राह्यला तुह्यासंगं! म्हन, येस सर!" लखीराम म्हणायचा. गाडीवाले पोट धरून हसायचे. एकदा त्याची बायको गोमतीबाई भाकर घेऊन आली होती, तर तिच्यासमोरही त्यांनी हेच करवून घेतलं. ती भाकरीचं फडकं तिथंच ठेवून निघून गेली. जानराव आज हयात नाहीत, तरी मला त्यांची चीड येते.

जानरावांनी एका कारकुनाला काढताना लिहिलेला इंग्रजी मसुदा लखीरामला रद्दीत सापडला. स्टेशनावरच्या गोविंदसिंग तारबाबूनं त्याला त्याचा अर्थ सांगितला. कळवण्यास खेद होतो की आपल्या नोकरीची यापुढे गरज नाही. लखीरामनं तो कागद घडी करून पागोट्यात खोचला आणि मला म्हणाला, "याच इंग्रजीत याले घरी पाठवीन. आन् माह्या तोंडून याले आयकवीन."

मग तो तारबाबूचं पाणी भरू लागला आणि बदल्यात इंग्रजी शिकू लागला. टेलिफोनवर बोलायचा तारबाबूचा कायदा साधा होता. आधी आपलं नाव सांगायचं, मग ऐकायचं, लिहून घ्यायचं आणि लिहिलेलं समोरच्याला परत वाचून दाखवायचं. लखीराम रोज पाच शब्द कोळशानं घराच्या भिंतीवर लिहायचा. बेल्स म्हणजे कापसाच्या गाठी, मग वॅगन, डिले, कन्फर्म. गोमतीबाई घर सारवताना भिंतीचा तेवढा भाग सोडून द्यायची. तिलाही काही विसरायचं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी शेतात सराव चाले. हा एका बांधावरून, वाशीमला साहेबासारखं बासीम म्हणत, ओरडायचा, "हॅलो, बासीम जिन स्पीकिंग! हू इज स्पीकिंग प्लीज?"

दुसऱ्या बांधावरून ती ओरडायची, "मी गोमती बोलून राह्यली! कापूस काहून नाई येचून राह्यले तुमी?"

"होल्ड द लाइन प्लीज!" म्हणून तो कापूस वेचायला लागायचा.

अशी दहा वर्षं गेली. लखीरामला टेलिफोनला हात लावायची बंदी होती, पण पुसापुशीच्या निमित्तानं तो जानरावांवर डोळा ठेवून असायचा. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की घंटी वाजली तरी जानराव मान वर करत नाहीत. बाकीच्यांनी टेलिफोनकडं पाहिलं की मगच करतात. एक दिवस लखीराम मुद्दाम टेलिफोनकडं टक लावून उभा राहिला. जानरावांनी झटकन रिसीव्हर उचलला आणि दोन-तीनदा "येस सर, येस सर" म्हणून खाली ठेवला. घंटी वाजलीच नव्हती! तीस वर्षं जिनाच्या घरघरीत बसून माणूस ठार बहिरा झाला होता, आणि नोकरीपायी ते लपवत होता.

लखीराम धावत काट्यावर आला. "घावला!" एवढंच म्हणाला. त्याच्या डोळ्यांतला आनंद पाहून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढच्याच हंगामात अकोल्याहून साहेबाचा टेलिफोन आला. साहेबाचा आवाज मोठा, दारापर्यंत ऐकू यायचा. स्टॉप लोडिंग, गाठी वॅगनमध्ये भरू नका. लखीरामला शब्द न् शब्द कळला. जानराव "येस सर" म्हणाले आणि पान लावायला बसले. लखीराम माठातून गार पाणी घेऊन आला, त्यांच्यासमोर तांब्या ठेवला आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी भरलेली वॅगन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आला. जानराव म्हणाले, लाइन खराब होती. साहेबानं त्यांच्या पाठीमागं जाऊन तीनदा नावानं हाक मारली. जानराव समोर पाहतच राहिले.

त्यांना कामावरून काढलं त्या सकाळी लखीराम धुतलेलं धोतर नेसून फाटकाशी उभा होता. जानराव बगलेत छत्री धरून आले. लखीराम त्यांच्या पुढ्यात गेला, छाती काढून म्हणाला, "मिस्टर जानराव, आय रिग्रेट टु इन्फॉर्म यू, युवर सर्व्हिस इज नो लाँगर रिक्वायर्ड." एक अक्षर चुकलं नाही. अकरा वर्षांची मेहनत होती ती.

जानरावांनी कानामागं हात धरला. "काय म्हनतो, लखीराम? आयकू येत नाई बाबा."

त्यानं पुन्हा म्हटलं. मग नरड्याच्या शिरा ताणून तिसऱ्यांदा. हमाल कामं टाकून पाहू लागले. जानराव त्याच्या ओठांकडं बघत होते. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी लखीरामचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तू तरी निरोप द्याले आला," ते म्हणाले. "बाकी कोनी जाग्यावरून उठलं बी नाई. भलं होईन तुह्यं."

आणि ते गेले. इंग्रजी येतं म्हणून टेलिफोनची खुर्ची लखीरामला मिळाली. साहेब त्याच्या बोलण्यावर खूश होता, जिनातले सगळे त्याला बाबूजी म्हणू लागले. पण माझ्यापाशी जानरावांचं नाव निघालं की तो अजून दातओठ खायचा.

"अकरा वर्सं पाठ केलं रे," तो म्हणायचा, "आन् त्या भाड्यानं मले आशीर्वाद देल्ला!"